तपासणीच्या खोलीतला हिरवा पडदा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. बायकांच्या डॉक्टरांकडे, तपासणीच्या टेबलाशेजारी, एका लोखंडी दांडीला मी लटकतो. माझ्या गोष्टीत मिरवण्यासारखं थोडं आणि मान खाली घालण्यासारखं जास्त आहे. तरी सांगतो, कारण तुमच्याही घरात आई, ताई, आजी असेल.

जाड सुती कापडाच्या ताग्यातून मला कापलं. शिंप्याचं माप चुकलं आणि मी जमिनीपासून वीतभर वरच राहिलो. सिस्टर म्हणाल्या, "असू दे, फरशी पुसायला बरं." दर शनिवारी त्या मला उकळत्या पाण्यातून काढत आणि कडक इस्त्री करत. टेबलावर चढण्याआधी बायका मला ओढून बघत, फट राहिली नाही ना. मग त्यांचे खांदे सैल पडत. "घाबरू नका, पडदा आहे," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मी असा काही फुगायचो, जणू औषध मीच देतोय! पंख्याच्या वाऱ्याने कुठलाही पडदा फुगतो, एवढी साधी गोष्ट मला कळत नव्हती.

सोबत आलेल्या माणसाची खुर्ची माझ्या दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर असे. बाई टेबलावर निजली की तपासता तपासताच डॉक्टरीणबाई सगळं विचारून घेत. बाहेर रांग असायची, वेळ वाचायचा. मी मध्ये आहे म्हणजे बोलणं खाजगी झालं, असं सगळे धरून चालत. मीही तसंच समजत होतो. माझ्यातून दिसत नाही, पण ऐकू सगळं जातं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एकदा गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम करणारी एक बाई आली. चेहरा पांढराफटक, जिना चढून धाप लागलेली. सोबत सासूबाई होत्या, पाण्याची बाटली आणि सुनेची पिशवी सांभाळत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळीत अंगावरून जास्त जातं का? गाठी पडतात? किती दिवस चालतं?"

बाईने मान वळवली. माझ्या खालून सासूबाईंच्या चपला दिसत होत्या. ती हळूच म्हणाली, "चारच दिवस. नेहमीसारखं."

ते खोटं होतं, हे पुढे तिच्याच तोंडून कळलं. पाळी दहा-दहा दिवस चालायची. कारखान्यात ती खुर्चीवर जुनी चादर घडी करून बसायची आणि सगळे गेल्याशिवाय उठायची नाही. पोट तपासून हाताला काही लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. तेच प्रश्न, त्याच चपला, तेच उत्तर. मी दोन्ही वेळा कडक इस्त्रीत उभा होतो.

तिसऱ्या खेपेला तिला चाकांच्या खुर्चीतून आणलं. मशीनवरच ती कोसळली होती. रक्तातलं हिमोग्लोबिन निम्म्यापेक्षा कमी झालं होतं. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. ही गाठ कॅन्सरची नव्हती. अशा गाठी पुष्कळ बायकांना होतात आणि वेळेवर कळल्या तर उपायही होतो. इथे वेळच गेली होती. आधी रक्त चढवावं लागलं, मग दुर्बिणीतून ऑपरेशन.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाई रडायला लागली. "आई पलीकडे बसल्या होत्या. लाज वाटली."

तेव्हा माझ्या पलीकडून सासूबाई बोलल्या, "मला सगळं ऐकू येत होतं गं. तू खोटं बोलतेस हेही कळत होतं. तुझ्या धुण्याची बादली मी बघत नव्हते का? पण मी बोलले तर तू ओशाळशील, म्हणून गप्प बसले."

डॉक्टरीणबाईंनी हातभर अंतरावरची ती खुर्ची एकदा बघितली आणि एकदा मला. मला तर दांडीवरून गळून पडावंसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून खोलीचा नियम बदलला. सोबतचं माणूस बाहेर, दार बंद, आधी समोरासमोर बोलणं आणि मग तपासणी.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ती बाई दाखवायला आली. चेहऱ्यावर रंग आला होता, जिनाही न थांबता चढली होती. सगळं नीट आहे म्हणून ती निघाली, तेव्हा दाराशी सासूबाई घुटमळल्या. "बाई, माझं पण एकदा बघता का? पाळी जाऊन बारा वर्षं झाली. दीड वर्षापासून पुन्हा अंगावरून जातंय."

सुनेच्या हातातली पिशवी खाली पडली. दीड वर्ष! म्हणजे त्या तिन्ही वेळा सासूबाई हेच दुखणं घेऊन माझ्याशेजारी बसल्या होत्या. दुसरीची बाटली धरून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी लगेच यायचं असतं." सासूबाई टेबलावर चढल्या. सुनेला बाहेर पाठवायला सिस्टर वळल्या, तशा सासूबाई म्हणाल्या, "तिला राहू दे इथंच. आणि तो पडदाही नको ओढू."

कॅन्सर तर नाही ना हे बघायला गर्भपिशवीच्या आतला तुकडा काढून तपासणीसाठी पाठवला आहे. रिपोर्ट अजून आलेला नाही. मी भिंतीकडे सरकवलेला उभा असतो आणि त्या दीड वर्षाचा हिशेब मला लागत नाही.

मित्रांनो, मला धुवा, इस्त्री करा, पण माझ्यावर विसंबू नका. आज घरी गेलात की आईला, आजीला एकदा विचारा, "तुला काही होतंय का?" ती "काही नाही" म्हणेल. तुम्ही तिथून उठू नका.