मावशीचा पुढचा डावा पाय

घोडेस्वारीच्या शाळेतल्या त्या तपकिरी घोडीला सगळे मावशी म्हणत. नवीन येणारं प्रत्येक पोर आधी तिच्याच पाठीवर बसायचं, कारण मावशीने आजवर कुणाला पाडलं नव्हतं. कुणाचा तोल जायला लागला की ती आपणहून थांबायची आणि मान वळवून बघायची. शाळा चालवणाऱ्या मास्तरांचा माणसांपेक्षा तिच्यावर जास्त भरवसा होता, आणि हे ते बायकोसमोरही बेधडक बोलून दाखवत.

एके सकाळी अडथळ्यावरून उडी मारून उतरताना तिचा पुढचा डावा पाय घसरला. जनावरांची डॉक्टरीण आली, तिने पायावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागून, स्नायूला हाडाशी बांधणारी, दोरखंडासारखी जाड कंडरा जाते. तिच्या पांढऱ्या, ताणलेल्या धाग्यांच्या मधोमध पडद्यावर काळं भगदाड दिसत होतं. पाय हाताला चटका बसेल इतका तापला होता. डॉक्टरणीने आडपडदा न ठेवता सांगितलं, की जखम भरेल, पण भरताना तिथे राठ वण धरेल, आणि अशी कंडरा धावताना पुन्हा फाटते. मावशीने यापुढे चरावं, धावू नये. पाण्याची नळी उचलून मास्तर त्या पायावर गार पाणी सोडत बसले.

संध्याकाळी डॉक्टरणीने हे घरी धाकट्या बहिणीला सांगितलं आणि धाकटी भरल्या ताटावरून उठलीच. ती एका प्रयोगशाळेत स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी वाढवायची. थोरली त्याला ‘बशीतली शेती’ म्हणून चिडवत असे. आज मात्र धाकटी खोलीभर फेऱ्या मारत बोलत सुटली. घोड्यांवर हे उपचार झालेले आहेत, मावशीच्या छातीच्या हाडातली थोडी मज्जा मिळाली की पेशी मी वाढवते, तू फक्त सुई धर, असं तिचं म्हणणं.

“त्या पेशी जाऊन तिथे नवी कंडरा वळणार का?” थोरलीने विचारलं.

“वळत नाहीत गं. बऱ्याचशा तर थोड्याच दिवसांत तिथून नाहीशा होतात. पण सध्या तिथे काय चाललंय बघ. जखमेची आग विझवायला आलेल्या रक्तातल्या पेशीच घराच्या भिंती फोडत सुटल्यात. माझ्या या पेशी त्यांना आवरतात. पुरे झालं, आता बांधायला घ्या, असा निरोप देतात.”

“निरोप देऊन निघून जातात?”

“हो. म्हणून तर मला त्या आवडतात.”

थोरलीला हसू आलं, पण विश्वास बसला नाही. गुण येईलच असं मी मास्तरांना सांगणार नाही, एवढी अट घालून ती तयार झाली. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मावशीला त्रास होणार नसेल तर करा म्हणाले. गुंगीचं औषध देऊन, जागा बधिर करून मज्जा काढली, तेव्हा मावशी उभ्या उभ्याच डुलक्या घेत होती.

मग धाकटीचे पाय घरी ठरेनात. पेशी बाटलीच्या तळाला चिकटल्या, लांबट झाल्या, दुप्पट झाल्या, फोनवर रोज नवी बातमी. मध्येच एका बाटलीतलं, पेशींना पोसणारं गुलाबी पाणी गढूळ झालं. जंतू शिरले होते. ती बाटली टाकून देऊन तिने बाकीच्या तपासल्या, तर त्या स्वच्छ निघाल्या.

सुईच्या दिवशी पेशींचा गार डबा मांडीवर घेऊन ती निघाली आणि वाटेतच अडकली. पुढे रस्ता खणलेला, मागे गाड्यांची रांग. पेशी फार वेळ तग धरणार नव्हत्या. ती रिक्षातून उतरली आणि डबा छातीशी धरून चक्क पळत सुटली. तबेल्यात पोचली तेव्हा धापा टाकतच तिने डबा पुढे केला. थोरलीने पडद्यावर नजर ठेवून सुई नेमकी त्या काळ्या भगदाडात नेली. काळोखात चांदणं सांडावं तसे बारीक ठिपके पसरले. मास्तर मावशीच्या कानात काहीतरी पुटपुटत होते.

काही दिवसांत पायाची आग उतरली, सूज ओसरू लागली. धाकटी नाचायचीच बाकी होती. थोरलीने तिला आवरलं. गार पाण्याचा, विश्रांतीचाही यात वाटा आहे, एका घोडीवरून डंका पिटू नकोस, असं तिने बजावलं. मग आली रोजची हळूहळू चाल. मास्तर दोरी धरून पुढे, मावशी मागे, पावलागणिक सबुरी. असे कितीतरी महिने गेले. एका तपासणीत मात्र थोरलीच यंत्र पुन्हा पुन्हा फिरवून पडद्याकडे बघत राहिली. भगदाडाच्या जागी धागे होते, आणि वेडेवाकडे नाही, शेजारच्या धाग्यांना समांतर. तिने तिथूनच फोन लावला.

“हातातलं काम टाक आणि ये. तुझी शेती पिकलीये.”

धाकटी पोचली तेव्हा मास्तर मावशीला रिंगणात आणत होते. अजून महिनाभर फक्त चालवायचं, असं थोरली त्यांना समजावतच होती. तेवढ्यात मावशीने मानेला हिसडा दिला, दोरी मास्तरांच्या हातातून सुटली आणि ती चौखूर उधळली. थोरली ओरडत धावली. मास्तर धावले. धाकटी कुंपणाला घट्ट धरून उभी राहिली. तिला त्या पायाखेरीज काही दिसत नव्हतं. डावा पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला. लंगडणं नाही, अडखळणं नाही. शेपूट उंच धरून घोडीने पूर्ण फेरा मारला, दुसराही मारला आणि मग मनात आलं तशी थांबली. माती उडून तिघांच्या डोक्यांवर बसली होती.

थोरलीने गुडघ्यावर बसून पाय चाचपला, दाबून पाहिला, पुन्हा चाचपला. मावशीने तो ओढून घेतला नाही. रागवायला म्हणून थोरली उठली आणि धापा टाकणाऱ्या मास्तरांकडे बघून तिला हसूच फुटलं. ते हसत होते की रडत होते, ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं. तोवर धाकटी कुंपणावर चढली होती आणि पलीकडे उडी मारायच्या बेतात होती.

“बघितलंस ना तू?” ती वरूनच विचारत होती. “ताई, बघितलंस ना?”