पाचची गाडी आणि चार सेकंद

खुळखुळा पडला.

दुपारी घर असं गप्प असतं की सुई पडली तरी ऐकू यावी. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॅमेऱ्याचं न उघडलेलं खोकं पुढ्यात घेऊन बसले होते. शेजारी बाळावर नजर ठेवायचा मॉनिटर. आतल्या खोलीत सात महिन्यांच्या धाकट्याने पाळण्यातून खुळखुळा खाली टाकला, तो आवाज भिंतीतून आला आणि मॉनिटरमधूनही आला. दोन्हीकडून, आणि तरी एकच आवाज. मी तळहाताएवढ्या पडद्याकडे पाहिलं. रिकामी मूठ अजून हवेतच होती.

मी खोकं बाजूला सारलं. उद्या रविवार होता, आणि रविवारी रूळ उचलायचे ठरले होते.

रूळ माझ्या सासऱ्यांचे. बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली आणि दुकान बंद केल्यावर मागच्या बागेत रेल्वे घातली. चार बोटं रुंद रूळ, वाफ्यांना वळसे घालत जाणारे. सिमेंटच्या पाइपाचा बोगदा, हौदावरचा पूल, आणि लाकडी स्टेशन, ज्याच्या फलाटावर काडेपेटीएवढं बाकडं. इंजिन बॅटरीचं, रिमोट बाबांच्या हातात. रोज संध्याकाळी पाचची गाडी. पाच म्हणजे पाच. बाबा बुटक्या स्टुलावर, डोळे गाडीच्या उंचीला येतील इतके वाकून बसायचे आणि पहिल्या डब्याचं दार नेमकं बाकड्यासमोर आणून थांबवायचे. माझी पाच वर्षांची लेक, भिंगरी, शिट्टी फुंकायची. त्या वेळी बागेत कुणी उभं राहायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. पाहुण्यांनाही उकिडवं बसवलं जायचं, मग गुडघे दुखोत नाहीतर काहीही होवो.

दोन महिन्यांपूर्वी वाफ्याच्या कडेला पाय घसरून बाबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "आता औषध एकच, उठून बसणं. असेच पडून राहिले तर पडूनच राहतील." पण बाबा उठेनात. दिवसभर भिंतीकडे तोंड. त्यांची खोली रस्त्याच्या बाजूला, बाग मागे, मध्ये दोन पायऱ्या. खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं तर म्हणाले, "मला कपाटासारखं उचलायचं नाही." आणि गेल्या रविवारी त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "पुढच्या रविवारी रूळ उचल. ज्याला बघता येत नाही, त्याने गाडी ठेवून करायचं काय?"

नवरा मान डोलावून बाहेर आला. मी नाही डोलावली.

"बघता येत नाही ना? मग बघता येईल असं करू. लाइव्ह कॅमेरा लावू."

"बाबा मोबाइलमध्ये बघणार? स्वतःच्या लग्नाचे फोटो त्यांनी अजून धड पाहिले नाहीत."

"तू रविवारची वाट बघ. मी कॅमेरा बघते."

सोमवारी दुकानदाराने विचारलं, "घराला धोका कुठल्या बाजूने आहे, वहिनी?"

"धोका नाही हो, आगगाडी आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने फाटकावर लावतात तसला कॅमेरा दिला. मी तो मागच्या भिंतीवर चांगला उंच बसवला, सगळी बाग दिसेल असा, आणि मोठ्या हौसेने बाबांसमोर मोबाइल धरला. कॅमेऱ्याने शेजारच्या मांजराची दोनदा वर्दी दिली. गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाबांनी एक डोळा उघडला.

"हे कुणाच्या गच्चीवरून काढलंय? ही माझी गाडी नाही. हे खेळणं आहे."

खरंच होतं. पाच वर्षं मी त्या बागेत उकिडवी बसत आले, आणि कॅमेऱ्याला मात्र उभं केलं!

बुधवारी बदलून आणलेला कॅमेरा फलाटाशी जमिनीला टेकवून ठेवला. चित्र असं स्वच्छ की बाकड्याच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. बाबांनी मान वळवली. पडल्या पडल्या हात पुढे केला. "रिमोट."

मी तो त्यांच्या हातात दिला आणि बागेत धावले. गाडी सुटली, बोगद्यात शिरली, बाहेर आली. पुलाआधी एक वळण आहे, तिथे वेग कमी करावा लागतो. तो झालाच नाही. इंजिन सरळ वाफ्यात घुसलं आणि तीन डबे त्याच्यामागे.

"बाबा, पडली!" मी ओरडले.

"पडली कुठे? आत्ता तर बोगद्यातून निघतेय!" आतून आवाज आला.

मग बाबांनी मला बाकड्यासमोर टाळी वाजवायला लावली आणि घड्याळ लावून मोजलं. चार सेकंद. "चार सेकंद मागे पडणारं घड्याळ मी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं नसतं," ते म्हणाले. "हे वरातीमागून घोडं मला नको." रिमोट उशीखाली गेला आणि तोंड भिंतीकडे.

त्यांनी हात टेकले होते. मला टेकून चालणार नव्हतं. काल पुन्हा दुकान गाठलं.

"उशीर न करणारा कॅमेरा द्या."

"चित्र आधी लांब कुठेतरी जातं, वहिनी, मग तुमच्या मोबाइलवर येतं. थोडं मागे राहणारच."

"आमच्या मागच्या दारातून पुढच्या खोलीत यायला ते परगावी जातं?"

"जातं. पण चोराला काय फरक पडतो?"

त्याने दोन सेकंदवाला दिला. तेच हे खोकं. आणि आत्ता, खुळखुळ्याने मला सांगितलं की माझ्या हाताशी एक कॅमेरा आहे जो कुठेच जात नाही. पाळण्यापासून माझ्यापर्यंत, सरळ. चित्र धुरकट, पडदा एवढासा, पावसाचा थेंबही सोसायचा नाही. पण मूठ हलली की हललेली दिसते.

धाकट्याला खुळखुळा परत दिला, पाळण्यावरचा कॅमेरा काढला आणि बागेत गेले. स्टेशनचं छप्पर उचलता येतं. आत दिवा लावायला बाबांनीच तसं केलं होतं. कॅमेरा आत ठेवला. तिकिटाच्या खिडकीत भिंग असं बसलं, जणू मापाने बेतलेलं. वर छप्पर. आता पडू दे पाऊस.

"आणि बाळ?" नवऱ्याने विचारलं.

"बाळ बाबांच्या खोलीत झोपेल."

"बाबा पडून आहेत, अगं."

"त्यांचे डोळे तर पडून नाहीत ना? तू गाडी रुळावर लाव. आणि उभा राहू नकोस."

मी पाळणा ढकलत बाबांच्या खोलीत नेला. "बाबा, याच्याकडे जरा लक्ष द्याल का? याचा मॉनिटर मी गाडीला दिलाय."

"कुणाला दिलास?" तोंड भिंतीकडून वळलं. धाकटा त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसला. मी त्यांच्या हातात पडदा दिला.

"एवढ्याशात काय दिसणार?"

"जवळ धरा."

"आडवा पडून किती जवळ धरू?"

मी चादरीची घडी नीट करत राहिले, ती नीटच होती तरी. पाचला पाच कमी होते.

"माझं भिंग आण," बाबा शेवटी म्हणाले. डोळ्याला लावायचं, दुकानातलं. भिंगरीने खणातून ते पळत आणलं. ते लावायला एक हात, पडद्याला दुसरा, आणि रिमोटला तिसरा कुठून आणणार? "उशी पाठीशी लाव," ते म्हणाले. "नको, धरू नकोस. मी बसतो."

दातओठ आवळत, पलंगाची कड धरत ते बसले. कपाळावर घाम आला. मी हात पाठीमागे घट्ट बांधून ठेवले होते.

भिंगरीने शिट्टी फुंकली. गाडी सुटली. वळणावर मंदावली, पुलावरून डुलत आली आणि तिकिटाच्या खिडकीसमोरून सरकत सरकत थांबली. पहिल्या डब्याचं दार बाकड्यासमोर. मागच्या बागेतून नवरा ओरडला, "थांबली!" आणि पडद्यातही त्याच वेळी ओरडला.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काखेत कळसा," ते म्हणाले, "आणि तू दुकानं पालथी घालत होतीस."

"तुमचीच सून."

"तिसऱ्या डब्याचं चाक घासतंय. उद्या तो उचलून इथे आणा."

"आणि रूळ?"

"रुळांना काय झालंय?"

मी पाळणा हलवायला वाकले, म्हणजे माझा चेहरा कुणाला दिसू नये. भिंगरी पलंगावर चढून आजोबांच्या दंडाला चिकटली आणि पडद्यात नाक खुपसलं. गाडीच्या मागे, वाफ्याच्या कडेला, दोन महिन्यांत कुणी न हलवलेलं बुटकं स्टूल दिसत होतं.

"आजोबा, तुमचं स्टूल!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, आजोबा यात कधी दिसणार?"

बाबाही भिंग काढून माझ्याच उत्तराची वाट बघत होते.