गाव आणि साल एका ओळीत

जगन माझा मावसभाऊ, मार्गासनीचा. म्या शिवऱ्याचा. लहानपणापासनं आमच्या घरात त्याचंच कवतिक. जगन बघ, जगन बघ, ऐकून ऐकून कान किटले. त्यात अठ्ठ्याहत्तर साली दोघंबी पुण्यात एकाच क्लासला बेसिक, म्हंजी कॉम्प्युटरची भाषा, शिकायला लागलो. भोर-वेल्ह्यातल्या गावागावाच्या भातपिकाचे तक्ते मशीनवर काढायला एका ऑफिसला माणूस हवा होता. एकच. ती नोकरी मला पायजे होती, आन् जगनच्या नाकावर टिच्चून पायजे होती.

तिथल्या साहेबांनी दोघांनाबी प्रोग्राम लिहून आणायला सांगितला, त्यांच्यापुढं चालवून दाखवायचा हीच परीक्षा. माझा प्रोग्राम चालू झाला की आधी गाव विचारायचा, मग साल विचारायचा, मग तक्ता छापायचा. दरेक गावाला हीच वटवट. जगननं काय केलं, तर प्रोग्रामचं नाव टाइप करतानाच त्याच ओळीत पुढं गाव आन् साल टाकायचं, मधी जागा सोडून. जागा दिसंल तिथं प्रोग्राम ओळ तोडायचा. पहिला तुकडा गाव, दुसरा साल. खलास. एवढं साधं मला का सुचलं न्हाई, म्हणून अंगाची लाही लाही झाली.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी पुण्याहून परत येताना येष्टीत त्यानं आपला कागद माझ्या हातात दिला, बघ म्हणाला. शिवापूर यायच्या आत मला चूक घावली. गावाच्या नावातच जागा असली तर? वेल्हे बुद्रुक टाकलं की वेल्हे हे गाव आन् बुद्रुक हे साल! झ्याक हाय म्हणलं, कागद परत दिला आन् शिवऱ्याला उतरलो.

परीक्षेला जगननं गुंजवणे टाकलं, शिवरे टाकलं. मशीननं खडखडत तक्ते छापले. साहेब खूश. मग म्या साळसूदपणे म्हणलं, आता वेल्हे बुद्रुक घ्या की. मशीननं साल चुकीचं म्हणून छापलं आन् अडून बसलं. जगनचं तोंड उतरलं. मला आतनं उकळ्या फुटत होत्या.

साहेबांनी विचारलं, हे तुमच्या कसं ध्यानात आलं? गप बसलो असतो तर! पण हुशारी दाखवल्याबिगर राहवतंय कुठं. म्हणलं, मला रविवारीच कळलं होतं, त्याचा कागद वाचून.

साहेबांनी चष्मा काढला. "मग त्याला सांगितलं का नाही?"

 साहेब जगनला म्हणाले, एवढं दुरुस्त करा आणि सोमवारपासून कामावर या.

बाहेर आल्यावर जगन हळूच म्हणाला, "दादा, म्या कागद तुला चुका काढायलाच दिला व्हता."

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.