साव्हेरियोचं डोकं मोजणारा कंपास

मित्रांनो, मी एक जुना पितळी कंपास आहे. पण तुमच्या दप्तरातला नव्हे. माझे पाय खेकड्यासारखे वाकडे आहेत. इटलीतल्या तोरिनो शहरात मला घडवलं ते माणसांची डोकी मोजण्यासाठी.

माझे मालक प्रोफेसर बेरूती. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि ते त्याच्या हाडांवरून ओळखता येतं, असं ते शिकवत. विद्यार्थी टाळ्या वाजवत. मीही फुशारून जाई.

एके दुपारी गिरणीच्या गोदामाला आग लागली. दक्षिणेतून आलेला हमाल साव्हेरियो पकडला गेला. तुरुंगात मला त्याच्या कानशिलांवर टेकवलं, तेव्हा तो हसला.

"साहेब, टोपी शिवताय का माझ्यासाठी?"

"हलू नकोस. जबडा फार रुंद आहे तुझा."

"आईवर गेलोय, साहेब. तिनं तर कधी कोंबडीसुद्धा चोरली नाही!"

न्यायालयात प्रोफेसरांनी मला उंच धरलं आणि आकडे वाचले. न्यायाधीश माना डोलावू लागले. तेवढ्यात साव्हेरियोची बहीण जेल्सोमिना ओरडली, "अहो, डोकं काय मोजताय? त्या दुपारी तो माझ्या घरी चूल लिंपत होता! शेजाऱ्यांना विचारा की!"

तिला बाहेर काढलं. शेजाऱ्यांना कुणी विचारलं नाही. साव्हेरियोला बारा वर्षांची शिक्षा झाली.

चौथ्या वर्षी गिरणीच्या मुकादमानं मरताना पाद्र्यासमोर, चार माणसांच्या देखत कबूल केलं, की आग त्यानं लावली होती. तुलनेसाठी त्याचं डोकंही पूर्वी मीच मोजलं होतं. प्रोफेसरांच्या वहीत तो 'सभ्य माणसाचा नमुना' होता.

सुटकेचा हुकूम निघाला, पण साव्हेरियो आधीच्याच हिवाळ्यात तुरुंगात खोकून खोकून गेला होता. तो कागद घेऊन जेल्सोमिना आमच्या खोलीत आली.

प्रोफेसर खाली बघत म्हणाले, "बाई, मापं अचूक होती."

"असतील हो, प्रोफेसरसाहेब. माझा भाऊ तेवढा गेला."

त्यांनी मला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. माझी मापं खरंच अचूक होती, मित्रांनो, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त लाज वाटते.

आता मी संग्रहालयात असतो. दर सोमवारी मला पुसून लखलखीत करतात. नका करू. त्यापेक्षा माझ्या खालच्या पाटीवर, जिथं प्रोफेसरांचं नाव आहे, तिथं साव्हेरियो लागाना हेही नाव लिहा. आणि तो निर्दोष होता, हेसुद्धा.