शालूबाईंच्या कढईतला तांदुळजा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. वरवट बकालच्या एका शेतकरी घराच्या अंगणात, कोंबड्यांना पाणी प्यायला मला ठेवलं आहे. मी फुटलेली नाही, माझा कान तुटलेला नाही. तरी मी इथं का आले, ते सांगते.

गावाबाहेर निंबाखाली घिसाड्यांचं बिऱ्हाड उतरलं होतं. त्यांच्या भात्यासमोर मी लाल झाले आणि घणाखाली वाकले. शालूबाई तेव्हा घरात नवीन आलेल्या सूनबाई होत्या. त्यांनी मला उचलून पाहिलं, बोटांनी वाजवलं आणि डोक्यावर घेऊन घरी आणलं.

तेव्हापासून माझा जन्म पालेभाज्यांत गेला. उन्हाळ्यात चिवळ, पावसाळ्यात तांदुळजा आणि घोळ, थंडीत मेथी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला. आंबट अंबाडी मात्र माझ्यात कधी शिजली नाही. आंबट लोखंडात काळं पडतं म्हणून तिच्यासाठी वेगळं पातेलं होतं. शालूबाई पाला निवडायला बसल्या की बोलणं बंद करत. तेल तापलं की ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, भिजलेली मूगडाळ आणि मग निथळलेला पाला. झाकण ठेवायचं नाही, रंग जातो. भाजी झाली की लगेच वाडग्यात काढायची आणि मला घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवून खुंटीला टांगायचं. गावातल्या बायका म्हणायच्या, शालूबाईंच्या हातची भाजी असली की दुसरं कालवण लागत नाही. मला वाटायचं, त्या कौतुकात थोडी मीही आहे.

त्यांचे मालक गेले, मुलगा ज्ञानेश्वर शेती पाहू लागला, अश्विनी सून होऊन आली. अश्विनीलाही माझ्यातली भाजी आवडायची. माहेरी गेली तरी तिथं म्हणायची म्हणे, आत्याबाईंसारखी भाजी आपल्याला जमत नाही.

आणि मग तो श्रावणातला सोमवार आला.

शालूबाईंना उपास होता. पण सुनेला भाकरीसोबत काहीतरी हवं, म्हणून त्या सकाळीच शेतात गेल्या आणि धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा तांदुळजा खुडून आणला. पाला कोवळा होता, ओला होता. श्रावणात तो ओलाच असतो. त्यांनी तो नेहमीसारखा निवडला, धुतला, माझ्यात परतला. अश्विनी पोटभर जेवली.

दुपार कलायच्या आत तिला मळमळू लागलं. मग उलट्या सुरू झाल्या आणि ती पोट धरून जमिनीवर लोळू लागली. शालूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या तेवढ्यात ज्ञानेश्वर बाजारातून आला.

"माय, काय केलं होतं वं जेवाले?"

"तांदुळजा. आपल्या धुऱ्यावरचा."

मी खुंटीवर टांगलेली होते. त्याचा चेहरा मी पाहिला, मित्रांनो. त्याच्या हातातली पिशवी खाली पडली आणि तो आईकडं नाही, माझ्याकडं बघत राहिला. मग कोणाची तरी जीप आणून तो अश्विनीला दवाखान्यात घेऊन गेला.

ती वाचली. सलाईन लागलं, काही दिवसांनी घरी आली. तोवर तिचा भाऊ राजकुमार येऊन बसला होता. त्याने सगळं विचारलं, आणि शेवटी शालूबाईंना विचारलं, "तुमी सोता काऊन नाही खाल्ली भाजी?"

"मले उपास होता बाप्पा," त्या म्हणाल्या.

तो ज्ञानेश्वरकडं वळून बघत राहिला. मग ज्ञानेश्वर खाली बघत म्हणाला, "मायले आता नीट दिसत नाही. कोणता पाला तोडून आणला, कोणाले ठाऊक. अन् त्या कढईले जंग चढेल आहे."

जंग माझ्यावर कधीच नव्हता. शालूबाईंनी तो चढू दिलाच नव्हता. त्यांनी फक्त आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

दुसऱ्या दिवशी घरात काळी चकचकीत नॉनस्टिक कढई आली आणि मी अंगणात. अंगणातून उघड्या दारातून मला चूल दिसते. स्वयंपाक अश्विनीकडं गेला. शालूबाई चुलीपाशी आल्या की ती हसून म्हणायची, राहू द्या आत्याबाई, मी करते. ती वाईट नव्हती. ती भ्यालेली होती. शालूबाईंनी साधा चहा केला तरी ती कप आधी नाकाशी न्यायची.

पाऊस सरला. दिवाळीच्या तोंडावर गुलाबराव आला. तो मजुरीवर फवारणी करतो. पाठीवरचा पंप उतरवून तो माझ्याजवळच ओट्यावर टेकला आणि ज्ञानेश्वरला म्हणाला की तणनाशकाचा डबा मागच्यासारखाच आण. "धुऱ्यावर मारलं होतं ना आपण, ते चांगलं जळलं. अश्विनीबाई दवाखान्यात गेल्या त्याच्या आदल्या दिवशी..." बोलता बोलता तो थांबला. मागं दारात शालूबाई सूप घेऊन उभ्या होत्या.

गुलाबराव पंप उचलून निघून गेला.

"ज्ञानू," त्या म्हणाल्या, "तुले त्या दिवशीच माहीत होतं?"

त्याने इकडंतिकडं पाहिलं. अश्विनी घरात नव्हती. मग तो हळू आवाजात बोलू लागला. डॉक्टरला सांगितलं होतं म्हणाला, औषध त्यामुळेच बरोबर मिळालं. "घरी सांगून काय करू? तिच्या भावानं मले जित्तं सोडलं नसतं. तुह्यं काय, तू म्हातारी आहेस. तुले कोण काय म्हणते?"

"मले सारे म्हणतेत," शालूबाई म्हणाल्या. "अन् साऱ्याईत जास्त मी सोताच म्हणून राह्यली. मले माह्याच हाताचं भेव वाटते." हातातलं सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मले काई नोको. तिले सांग. तुह्या तोंडानं सांग."

"सांगतो," तो म्हणाला.

दिवाळी झाली. तो काही बोलला नाही. शेवटी एका दुपारी अंगणात अश्विनी कपडे वाळत घालत असताना शालूबाईंनीच तिला सगळं सांगितलं, अडखळत, मध्येच थांबत. ती ऐकत राहिली. तेवढ्यात ज्ञानेश्वर आला. तिने त्याला तिथंच विचारलं, आत्याबाई म्हणतात ते खरं आहे का?

त्याने मोबाईलमधून मान वर केली नाही. म्हणाला, "मायले आता काहीबाही वाटते."

अश्विनीने शालूबाईंकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. रागावर तरी काही बोलता आलं असतं. गुलाबराव आजही या घरी कामाला येतो. त्याला कोणी काही विचारलं नाही आणि तोही आपणहून बोलला नाही.

मित्रांनो, माझं मला फारसं वाईट वाटत नाही. लोखंड कुठंही पडून राहतं. पण तुमच्या घरी शेती असेल आणि कोणी बांधावर औषध मारलं, तर ते घरातल्या प्रत्येकाला सांगायला लावा. भाजी खुडणाऱ्या बाईला तर सगळ्यात आधी. आणि तुमच्याकडून कधी चूक झालीच, तर ती झाकायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे पुढं करू नका. तशा चुकीची किंमत कोण भरतं, ते मी रोज बघते.

परवा शेजारच्या विमलबाई आल्या होत्या. शालूबाई विहिरीकडून आल्या, हातात पाल्याची एक मूठ होती. आयुष्यभर त्यांनी तो पाला न बघता नुसत्या बोटांनी ओळखला होता. त्यांनी मूठ उघडून विमलबाईंच्या समोर धरली आणि विचारलं, "बाई, पाहजो जरा. हा तांदुळजाच व्हय ना?"

विमलबाईंनी मान डोलावली, हाव म्हणाल्या. तरी शालूबाईंनी ती मूठ उकिरड्यावर टाकली आणि हात कितीतरी वेळ धूत राहिल्या.