सवतीचा तुकडा

“वहिनी, घाई अजिबात नाही,” सेक्रेटरी म्हणाले, “पण शेडची किल्ली आजच मिळाली तर बरं होईल.”

नवरा जाऊन आठवडाही उलटला नव्हता. सेक्रेटरी भेटायला म्हणून आले होते आणि दुःखाची चार वाक्यं उरकून मुद्द्यावर आले होते. वसाहतीच्या मागची मोकळी जमीन रहिवाशांना भाजी लावायला तुकडे पाडून दिलेली होती. त्यातला एक तुकडा, अवजारांच्या पत्र्याच्या शेडसकट, तिच्या नवऱ्याचा. तो आजारी पडल्यापासून तिथे नुसतं गवत माजलं होतं, आणि असा पडीक तुकडा समिती परत घेत असे. समिती म्हणजे सेक्रेटरी, आणि पुढचा नंबर त्यांच्या मेहुण्याचा. हे वसाहतीतल्या मांजरांनाही माहीत होतं.

खरं तर तिने किल्ली तोंडावर फेकायला हवी होती. त्या तुकड्याला ती जन्मभर ‘माझी सवत’ म्हणत आली होती. नवरा बँकेत कॅशियर, ती बसवर कंडक्टर. दोघांची सुट्टी एका दिवशी यायची ती मारामारीने, आणि आली की हा गृहस्थ खुरपं घेऊन सवतीकडे. ती तिकडे एकदाही फिरकली नव्हती. पण किल्लीसाठी पुढे आलेला हात बघितला आणि तिच्यातली कंडक्टर जागी झाली. बस सुटायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांचा तिला पहिल्यापासून राग होता.

“किल्ली राहू दे माझ्याकडे. तुकडा मी करणार.”

“तुम्ही? अहो वहिनी, जंगल झालंय तिथे!”

“मग जंगल काढते. मुदत बोला.”

सेक्रेटरींनी दोन महिने दिले. त्यात उदारपणा काही नव्हता. दोन महिन्यांत हे होत नसतं याची त्यांना खात्री होती.

लेकीने फोनवरच कपाळाला हात लावला. “आई, देऊन टाक गं. तुझे गुडघे बघ आधी.”

“गुडघे माझे आहेत. तुझ्याकडे तक्रार घेऊन आले का?”

पहिल्या दिवशी तिने विळा घेतला आणि दिसेल ते सपासप कापत सुटली. संध्याकाळी मागे वळून बघितलं तर निम्मा तुकडा मोकळा. सवतीची वेणी कापल्याच्या आनंदात ती घरी गेली. पुढच्या आठवड्यात तीच वेणी, आणखी दाट.

शेजारच्या तुकड्यावर टेलर असे. नवऱ्याचा जुना दोस्त. कुंपणापलीकडून म्हणाला, “वहिनी, हजामत केलीत तुम्ही त्याची. आता तरारून येणार.”

“मग काय करू? आरती ओवाळू?”

“खाली बघा. ही हरळी. ही कापायची नाही, शिवण उसवतो तशी टोक धरून उसवत न्यायची. आणि हा लव्हाळा. ह्याचं पान हातात येतं आणि गाठ खाली बसून हसते. गाठ काढलीत तर काढलंत.”

मग तिने बसकण मारली. कुदळीने माती फोडायची, हाताने चिवडायची, हरळीच्या दोऱ्या ओढायच्या, लव्हाळ्याच्या काळ्या गाठी वेचून घमेल्यात टाकायच्या. घमेलं शेडच्या पत्र्यावर पालथं करायचं, कारण मातीवर ठेवलं तर ही जात पुन्हा मूळ धरते. नखं गेली. कंबर तर तिला नावानिशी हाका मारू लागली. पण गाठ निघाली की ती म्हणायची, “उतरा खाली. शेवटचा स्टॉप आला.” टेलर मान खाली घालून हसायचा.

शेडमध्ये गाजराच्या बियांचं अर्धं पाकीट सापडलं, त्याच सुमारास एका जुन्या सरीत रोपं दिसली. नाजूक, कातरलेल्या पानांची, थेट ओळीत. तिचा हात थांबला. म्हणजे आजारी पडायच्या आधी ह्यांनी पेरलं होतं तर! ह्यांचं बी उगवायला इतका उशीर झाला, यात तिला नवल वाटलं नाही. हा माणूस लग्नालाही उशिराच आला होता. त्या दिवसापासून ती सरी सोडून बाकीचं खोदायची. जाताना सरीला झारीने पाणी घालायची आणि बोलायचीही. “जन्मभर इथे काय करत होता, ते आज कळलं हो.” तेव्हा टेलर आपल्या मिरच्यांमध्ये फार गुंतलेला असायचा.

तपासणीला सेक्रेटरी मेहुण्याला घेऊनच आले. मेहुण्याच्या हातात मोजायचा टेप. तुकडा चाळलेल्या पिठासारखा पडला होता. सेक्रेटरी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, वाकले, उकरून बघितलं. चेहरा पडत चालला. मग सरीपाशी पाय थांबले.

“हे काय?”

“गाजरं. ह्यांनी लावलेली.”

मेहुणा फिसकन हसला. “गाजरं? अहो, गाजरगवत आहे ते! कळ्या धरल्यात. महिन्याभरात सगळ्यांच्या तुकड्यांत पसरेल.”

“छे! गाजरच आहे ते,” टेलर कुंपणापलीकडून घाईघाईने म्हणाला. “गावठी जात. पान असंच असतं तिचं.”

बोलताना तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. ‘पास घरी राहिला’ म्हणणाऱ्यांचे चेहरे वाचण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. तिला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या: हे गाजर नाही, आणि टेलरला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ती वाकली. एक रोप बुडाशी धरून उपटलं. खाली सुतळीसारखं पांढुरकं मूळ. तिने माती पुसली, नाकाशी नेलं. गाजराचा वास नव्हता. मेहुण्याचं हसू विरलं.

सेक्रेटरींनी घसा खाकरला. “असू द्या वहिनी. एवढी एकच ओळ. मी बघितली नाही असं समजतो.”

दया वाईट नव्हती. पण सेक्रेटरींनी दिलेली वस्तू कधीतरी परत मागितली जाते, हेही तिला ठाऊक होतं. आणि ह्या सरीवर तिला कुणाचे उपकार नको होते.

“बघितलीत ना? मग बघितलीच. थांबा तिथे.”

ती गुडघ्यांवर बसली आणि ओळीने उपटत निघाली. एकेक रोप, मुळासकट, माती झटकून. मधलं एक सगळ्यांत उंच होतं. त्याला तिने काडीचा आधार देऊन साडीच्या काठाने बांधलं होतं. ती गाठ सोडायला वेळ लागला. टेलर पुढे झाला, तर तिने नुसता हात वर करून त्याला थांबवलं. गाठ सुटली. तेही रोप घमेल्यात गेलं.

“आता सांगा,” ती उठत म्हणाली. “कुठे एक काडी दिसते का?”

सेक्रेटरींनी बघितलं. मेहुण्यानेही बघितलं, जरा जास्तच बारकाईने. मग टेप सर्रकन डबीत गेला.

“तुकडा तुमचा, वहिनी.”

ते दोघे गेल्यावर टेलर पुटपुटला, “मी सांगायला हवं होतं.”

“हवंच होतं.” ती घमेल्याकडे बघत राहिली. “काय पाणी पाजलं हो मी त्याला! खुद्द ह्यांनाही इतकं विचारलं नव्हतं कधी.” आणि ती हसली. आपण हसावं की नाही, हे टेलरला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

पुढच्या हंगामात तिने वांगी लावली, मिरच्या लावल्या, आणि एक अख्खी बाजू झेंडूंना दिली. खायच्या कामाचं नाही ते लावणं नवऱ्याला मुळीच पटत नसे. ती सरी मात्र तशीच ठेवली.

“चांगली जागा फुकट चाललीय,” टेलर म्हणायचा. “मेथी तरी टाका.”

“नको.”

रोज आल्यावर ती आधी त्या सरीपाशी बसे आणि खुरप्याने माती हलवे. तिथे तिने काही लावलं नाही, आणि गवताचं एक पातंही उगवू दिलं नाही.