सड्यावरची आमरी

राधानगरीच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावरच्या एका भेगेत, निशिगंधाला पांढऱ्या आमरीचं फुललेलं रोप दिसलं. हे रानटी ऑर्किड जिल्ह्यात बरीच वर्षं कुणाला मिळालं नव्हतं. तिनं अख्खा सडा पालथा घातला. दुसरं रोप नव्हतं.

"सर, फोटो काढू. फार तर एखादं फूल घेऊ," ती म्हणाली.

तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक धैर्यशील सर खुरपं घेऊन खाली बसलेही होते. "नुसत्या फुलावर नोंद होत नसते, अख्खं रोप लागतं. बाजूला हो."

"कंद काढला तर संपलंच की हे!"

"तू मला शिकवणार?"

रोप कंदासकट वर आलं.

पुढं कोल्हापुरात, वनस्पतिशास्त्र विभागाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, वाळवून जाड कागदावर शिवलेलं ते रोप तिच्या हाती आलं. कोपऱ्यातल्या लेबलवर एकट्या सरांचं नाव होतं. तो राग तिनं गिळलाही असता. पण खाली लिहिलं होतं, 'या ठिकाणी विपुल.' कागद घेऊन ती तडक केबिनमध्ये शिरली.

"विपुल कुठं होतं, सर?"

"एकच होतं असं लिहिलं, तर का उपटलं म्हणून लोक विचारतील. अक्कल हाय का न्हाय तुला? तुझ्या गावी कोडोलीत ऊस भांगलायचा सोडून इथं कशाला आलीस?"

ती कागद घेऊन बाहेर पडली. हर्बेरियममध्ये जुन्या लेबलवर खाडाखोड करत नाहीत. मत वेगळं असेल तर शेजारी सहीनिशी चिठ्ठी चिकटवतात. तिनं लिहिलं, 'सड्यावर एकच रोप होतं. ते धैर्यशील सरांनी उपटलं. मी तिथं होते.' खाली नाव घातलं आणि डिंक लावून चिठ्ठी घट्ट दाबली.

कळताच सर तरातरा आले. नखानं चिठ्ठी उचकटायला लागले, तसा खालचा कागदही सुटायला लागला आणि वाळलेलं फूल थरथरलं. त्यांचा हात थांबला.

"तुझी पीएच.डी. कशी होते तेच बघतो."

"बघा की."

त्यानंतर तिच्या एकाही अहवालावर त्यांनी सही केली नाही. शेवटी ती साताऱ्याला दुसऱ्या मार्गदर्शकांकडं गेली. काम पहिल्यापासून सुरू करावं लागलं. निघायच्या दिवशी व्हरांड्यात सर समोरून आले. ती मधोमधच चालत राहिली. भिंतीला अंग घासत त्यांनाच जावं लागलं.